१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी?

वीस अंकी संख्या आहे. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले, तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी दिसते. वर्तमानपत्रात 'लाख कोटी' हे एकक आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. त्या एककात सांगायचं तर ही सुमारे एक कोटी चौऱ्याऐंशी लाख शेहेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस 'लाख कोटी' भरते. दोनदा कोटी आणि दोनदा लाख म्हणताना जीभ अडखळते.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त स्थानांची जी नावं दिली आहेत, ती कोटीच्या पुष्कळ पुढे जातात. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या क्रमानं वाचलं तर आपली संख्या होते १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५. निखर्वाच्या जागी शून्य आहे, म्हणून त्याचं नाव आलं नाही. काही याद्यांत खर्व-निखर्वाची स्थानं वेगळी सापडतात, इथे मी लीलावतीचाच क्रम धरला आहे. मला ही संख्या अशी मोठ्यानं वाचायला फार आवडते. अंक नुसते डोळ्यांनी पाहिले तर ते एकमेकांत मिसळून जातात. नावानं हाक मारली की प्रत्येक जण आपापल्या जागेवर उभा राहतो.

पण हीच संख्या का? ती आली कुठून?

एकापासून सुरुवात करून दुप्पट करत जा. १, २, ४, ८, १६... अशा चौसष्ट पायऱ्या झाल्या की थांबा आणि सगळ्यांची बेरीज करा. ती बेरीज म्हणजे ही संख्या. थोडक्यात, २ चा ६४ वा घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा.

एक वजा का, हे सुरुवातीलाच समजून घेतलेलं बरं, कारण पुढची सगळी गंमत त्या एकातच दडलेली आहे. १ + २ = ३, म्हणजे पुढच्या ४ पेक्षा एक कमी. १ + २ + ४ = ७, म्हणजे ८ पेक्षा एक कमी. आतापर्यंतचं सगळं एकत्र केलं तरी पुढच्या पायरीला नेहमी एकच कमी पडतो.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर ही संख्या म्हणजे ओळीनं चौसष्ट एक. मधे एकही शून्य नाही. दशमान पद्धतीतले वीस अंक कितीही विस्कळीत दिसले, तरी तिचं खरं रूप इतकं सरळ आहे.

बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाची गोष्ट खरी आहे का?

राजाला बुद्धिबळाचा खेळ आवडतो, तो शोधणाऱ्याला 'हवं ते माग' म्हणतो आणि शोधणारा पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी मागणी करतो. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान या चरित्रकारानं ती लिहून ठेवली आणि त्यात शोधणाऱ्याचं नाव सिस्सा असं येतं. संख्या मात्र त्याहून आधीपासून माहीत होती. अल-बिरुनीनं इ.स. १००० च्या सुमारास कालगणनेवरच्या आपल्या ग्रंथात ती अचूक काढून दाखवली आहे.

गहू किती, हे घरीच बघता येतं. गव्हाचे हजार दाणे मोजून काट्यावर टाका, साधारण ४० ग्रॅम भरतात. हा आकडा धरून पटावर चालू लागा. पहिली आडवी ओळ, म्हणजे आठ घरं संपली की २५५ दाणे होतात. दहा ग्रॅम, तळहाताच्या खळग्यात मावतील. दुसरी ओळ संपली की ६५,५३५ दाणे, म्हणजे अडीच किलोंच्या वर. पिठाचा डबा अर्धा भरला. तिसरी ओळ संपली की जवळपास ६७० किलो. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरं झाली की ४,२९,४९,६७,२९५ दाणे, सुमारे १७२ टन. दहा टनी ट्रक सतरा-अठरा लागतील. राजाचं कोठार इथवर तग धरेल.

मग तेहतिसावं घर येतं. या एका घरात आधीच्या सगळ्या बत्तीस घरांपेक्षा एक दाणा जास्त. शेवटी एकूण गहू होतो सुमारे ७३,८०० कोटी टन. आज साऱ्या जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. त्या हिशेबानं नऊशे वर्षांहून अधिक काळाचं जगभरातलं पीक एकाही पोळीला हात न लावता पटावर आणून ओतावं लागेल.

मी शाळेत असताना पाटावर खडूनं घरं आखून हा प्रयोग ज्वारीवर केला होता. नवव्या घरापर्यंत ढीग घरात राहिला, दहाव्यात ५१२ दाणे ओतले तेव्हा ते रेघ ओलांडून शेजारच्या घरात गेले आणि बाराव्यापाशी मोजण्यातच संध्याकाळ झाली. दुप्पट म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

चौसष्ट वेळा दुप्पट न करता ही संख्या हातानं काढता येते का?

येते, आणि तीही फक्त सहा गुणाकारांत. ही युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. पिंगलाला गव्हाचे दाणे मोजायचे नव्हते, वृत्तं मोजायची होती. ओळीत जितकी अक्षरं, तितक्या जागा. प्रत्येक जागी लघू किंवा गुरू, म्हणजे दोनच पर्याय. मग एकूण प्रकार किती? आठ अक्षरांना २ चा ८ वा घात, म्हणजे २५६. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांच्या एका ओळीत लघू-गुरू बसवण्याचे प्रकार होतात १,३१,०७२. त्यातला एकच क्रम म्हणजे मंदाक्रांता. अनुष्टुभाच्या दोन श्लोकांत मिळून चौसष्ट अक्षरं असतात. वृत्ताचे नियम बाजूला ठेवून नुसते लघू-गुरू बसवायचे म्हटले, तर प्रकार होतात २ चा ६४ वा घात, आपल्या संख्येपेक्षा बरोबर एक जास्त.

पिंगलाची रीत अशी: अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा. शून्यापर्यंत जा. मग उलट्या दिशेनं परत या. जिथे निम्मं केलं होतं तिथे वर्ग करा, जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट करा. ६४ चं निम्मं ३२, मग १६, ८, ४, २, १. म्हणजे सहा वेळा निम्मं झालं. शेवटी १ मधून एक वजा, शून्य. परतताना आधी १ ची दुप्पट २, आणि तिथून सहा वेळा वर्ग:

२ चा वर्ग ४
४ चा वर्ग १६
१६ चा वर्ग २५६
२५६ चा वर्ग ६५,५३६
६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६

शेवटचा वर्ग मोठा आहे, पण वहीच्या एका पानावर मावतो. ४२९४९६७२९६ चे दोन तुकडे करा, ४२९४९ आणि ६७२९६. पहिल्याचा वर्ग १८४४६१६६०१. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८. दुसऱ्याचा वर्ग ४५२८७५१६१६. पहिल्याच्या वर्गापुढे दहा शून्यं, मधल्या दुपटीपुढे पाच शून्यं देऊन तिघांची बेरीज करा. उत्तर येतं १८४४६७४४०७३७०९५५१६१६. त्यातून एक वजा करा. एकदा तरी हा हिशेब पेननं करून बघाच. कॉम्प्युटरनं दिलेलं उत्तर आणि आपण हातानं काढलेलं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळतं, त्याचा आनंद फार वेगळा असतो.

लीलावतीत हा प्रश्न आहे का?

चौसष्ट घरांचा नाही, पण त्याचा धाकटा भाऊ आहे. कुणी एकानं याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचं वचन दिलं, तर महिन्याभरात किती निष्क दिले जातील? तीस दिवसांची बेरीज येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. तेव्हा एका निष्कात २०,४८० कवड्या. भागून बघा: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. लीलावतीत हेच उत्तर आहे.

बाराव्या शतकातल्या या उत्तरात एक कवडी मिळवा. २,१४,७४,८३,६४७. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कुणालाही ही संख्या दाखवा, लगेच ओळखतील. तिच्याकडे पुढे वळूच.

ही मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे ५ नं भाग जातोच. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३ नंही जातो, ९ नं मात्र जात नाही. पण तिचे अवयव पडतात कसे, हे बघण्यासारखं आहे.

शाळेतलं सूत्र आठवा: एखाद्या संख्येच्या वर्गातून एक वजा केला, तर उत्तर म्हणजे त्या संख्येच्या अलीकडची आणि पलीकडची संख्या यांचा गुणाकार. ७ चा वर्ग ४९, वजा एक ४८, म्हणजे ६ × ८. आता आपली संख्या ही ४२९४९६७२९६ च्या वर्गापेक्षा एकनं कमी आहे. म्हणून ती ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७. यातली पहिली संख्या पुन्हा एका वर्गापेक्षा एकनं कमी आहे, म्हणून तिचे ६५५३५ × ६५५३७. मग ६५५३५ चे २५५ × २५७. २५५ चे १५ × १७. १५ चे ३ × ५. जिना उतरावा तसे आपण खाली आलो, आणि प्रत्येक पायरीवर एकेक अवयव हातात राहिला:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

या सहा संख्यांत आणखी एक नातं आहे. ३ मध्ये २ मिळवले की ५. ३ × ५ मध्ये २ मिळवले की १७. ३ × ५ × १७ मध्ये २ मिळवले की २५७. प्रत्येक नवी संख्या म्हणजे आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक दोन. त्यामुळे यातल्या कुठल्याही दोघींना समाईक अवयव असूच शकत नाही. असता, तर त्यानं २ लाही भाग गेला असता, आणि या तर सगळ्या विषम. ही साखळी कितीही लांबवता येते आणि प्रत्येक कडीला आधी न आलेला निदान एक मूळ अवयव आणावाच लागतो. म्हणजे मूळ संख्या कधीच संपणार नाहीत. एवढी मोठी गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत सिद्ध होताना पाहिली की मला अजूनही नव्यानं नवल वाटतं.

मग त्यातल्या सहाही मूळ संख्या आहेत का?

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला तसंच वाटलं होतं. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मूळ आहेत, तेव्हा पुढच्या सगळ्याही असणार, असं त्यानं १६४० मध्ये पत्रात लिहिलं. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञानं दाखवलं की सहावीच फसते: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

ऑयलरनं आंधळेपणानं भागाकार केले नाहीत. या संख्येला ज्या मूळ संख्येनं भाग जाईल, तिला ६४ नं भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं. अशा मूळ संख्या फार थोड्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीतच काम फत्ते.

६४१ नं भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येतं. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक, ५ × १२८ + १. दोन, ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून, ६४१ नं भागताना ५ × १२८ ची किंमत 'उणे एक' धरता येते. त्याचा चौथा घात घेतला की अधिक एक. म्हणजे ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. दुसऱ्यावरून, ५ च्या चौथ्या घाताऐवजी 'उणे २ चा चौथा घात' लिहिता येतं. तसं लिहिलं की २ च्या ३२ व्या घाताची बाकी 'उणे एक' येते. त्यात एक मिळवला की शून्य. संपलं. दोनदा-तीनदा वाचावं लागेल, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर पाच मिनिटांत पटेल.

६७००४१७ ही स्वतः मूळ संख्या आहे. तेव्हा आपल्या संख्येचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. एकही दोनदा येत नाही. म्हणून तिचे एकूण विभाजक १२८. फर्माच्या त्या साखळीत ६५५३७ नंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.

मेरुप्रस्ताराशी हिचा काय संबंध?

माझ्या मते या संख्येची सगळ्यात देखणी गोष्ट हीच. मेरुप्रस्तार म्हणजे शिखरावर १, आणि खाली प्रत्येक चौकोनात वरच्या दोन चौकोनांची बेरीज. पिंगलाच्या सूत्रांवर भाष्य लिहिताना दहाव्या शतकात हलायुधानं तो स्पष्ट करून सांगितला. पास्कलचा त्रिकोण म्हणून आपण कॉलेजात शिकतो तो हाच, पास्कलच्या सहाशेहून अधिक वर्षं आधीचा.

आता प्रत्येक ओळीत विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा. ती ओळ द्विमान संख्या समजून वाचा.

१ : म्हणजे १
१ १ : म्हणजे ३
१ २ १ चं झालं १०१ : म्हणजे ५
१ ३ ३ १ चं झालं ११११ : म्हणजे १५
१ ४ ६ ४ १ चं झालं १०००१ : म्हणजे १७
१ ५ १० १० ५ १ चं झालं ११००११ : म्हणजे ५१
१ ६ १५ २० १५ ६ १ चं झालं १०१०१०१ : म्हणजे ८५
१ ७ २१ ३५ ३५ २१ ७ १, सगळे विषम : म्हणजे २५५
आणि नववी ओळ : २५७

ओळखीचे चेहरे दिसले? ३, ५, १७, २५७ हे आपलेच अवयव, आणि मधल्या ओळी म्हणजे त्यांचे आपापसातले गुणाकार: १५ = ३ × ५, ५१ = ३ × १७, ८५ = ५ × १७, २५५ = ३ × ५ × १७. असंच उतरत गेलं की चौसष्टाव्या ओळीत ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७ या सहाही संख्यांचा गुणाकार होतो. त्या ओळीत चौसष्ट संख्या असतात आणि सगळ्याच्या सगळ्या विषम. ओळीनं चौसष्ट एक. मेरुप्रस्ताराची चौसष्टावी ओळ म्हणजे हुबेहूब आपली संख्या.

याचा भूमितीत काही उपयोग आहे का?

आहे, पण संख्येच्या अर्ध्या भागाचा. फक्त पट्टी आणि कंपास वापरून कोणते सुसम बहुभुज काढता येतात, हा ग्रीकांपासूनचा प्रश्न. गाउसनं १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सतरा बाजूंचा काढता येतो हे दाखवलं. नंतर स्पष्ट झालं की बाजूंची संख्या विषम असेल तर ती ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांच्यासारख्या, म्हणजे फर्माच्या साखळीतल्या, वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातूनच यावी लागते. बाकीचे काढता येत नाहीत, याची सिद्धता वांत्झेलनं १८३७ मध्ये दिली.

माहीत असलेल्या पाचही मूळ संख्या घेतल्या तर गुणाकार होतो ४२९४९६७२९५, म्हणजे पटाच्या पहिल्या बत्तीस घरांतले दाणे! पट्टी-कंपासानं काढता येणारा, आज माहीत असलेला विषम बाजूंचा सर्वांत मोठा बहुभुज एवढ्या बाजूंचा आहे. असे विषम बहुभुज एकूण ३१, आणि ते सगळे मेरुप्रस्ताराच्या पहिल्या बत्तीस ओळींत, पहिला १ सोडून, चढत्या क्रमानं लिहिलेले सापडतात. हेर्मेस नावाच्या एका जर्मन गणितज्ञानं ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची कृती मांडण्यात दहा वर्षं घालवली. ते हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवलं आहे.

पटावर कुठल्या घरापर्यंतची बेरीज मूळ संख्या येते?

फक्त नऊ घरांवर: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१. घराचा क्रमांक मूळ संख्या असल्याशिवाय तिथवरची बेरीज मूळ येऊच शकत नाही, आणि क्रमांक मूळ असला तरी खात्री नाही: अकराव्या घरापर्यंत २०४७ दाणे होतात, ते २३ × ८९. एकतिसाव्या घराची बेरीज २,१४,७४,८३,६४७ ही मूळ आहे, हे ऑयलरनं १७७२ मध्ये कळवलं. लीलावतीचं उत्तर अधिक एक कवडी, ती हीच.

या नऊ घरांपाशी आणखी एक गोष्ट घडते. त्या घरातले दाणे आणि तिथवरची एकूण बेरीज यांचा गुणाकार करा. दुसरं घर: २ × ३ = ६. तिसरं: ४ × ७ = २८. पाचवं: १६ × ३१ = ४९६. सातवं: ६४ × १२७ = ८१२८. या परिपूर्ण संख्या आहेत, म्हणजे स्वतःखेरीज इतर सगळ्या विभाजकांची बेरीज केली की परत तीच संख्या मिळते. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४. बेरीज २८. ही रीत युक्लिडची आहे.

काशीच्या देवळातल्या चौसष्ट चकत्यांची कथा ऐकली आहे. ती हीच संख्या का?

हो. तीन खांब, एका खांबावर लहान-मोठ्या क्रमानं रचलेल्या चौसष्ट चकत्या, एका वेळी एकच हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. सगळ्या दुसऱ्या खांबावर न्यायला कमीत कमी जितक्या खेपा लागतात, ती ही संख्या. काशीत असं देऊळ नाही. हा खेळ लुकास या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये आणला आणि कथा त्याच्या पाठोपाठ पसरली. सेकंदाला एक चकती हलवली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे, त्याच्या बेचाळीसपट.

कॉम्प्युटरमध्ये ही संख्या अचानक का दिसते?

आजचे कॉम्प्युटर पुष्कळदा पूर्णांक चौसष्ट बिटांत साठवतात. बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढी एक जागा. सगळे बिट १ झाले की डबा भरला, म्हणजे ही संख्या आली. त्यात आणखी एक मिळवला की रिक्षाचा जुना मीटर फिरून शून्यावर यावा तसं शून्य होतं. ऋण संख्या साठवण्याच्या पद्धतीत 'उणे एक' सुद्धा चौसष्ट एकांनीच लिहिला जातो. म्हणून एखाद्या फाइलचा आकार किंवा शिल्लक जागा म्हणून हा आकडा दिसला, तर बहुधा कुठेतरी उणे एक चुकून धन समजून वाचला गेला आहे.

बत्तीस बिटांच्या डब्यात एक बिट चिन्हासाठी राखला की उरलेल्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. तीच लीलावतीच्या शेजारची संख्या. २०१४ मध्ये यूट्यूबवर 'गंगनम स्टाइल'च्या प्रेक्षकसंख्येनं ही मर्यादा ओलांडली आणि मोजणी चौसष्ट बिटांवर न्यावी लागली. जुन्या प्रणालींमधलं सेकंद मोजणारं घड्याळही १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी इथेच अडणार आहे.

एक्सेलमध्ये ही संख्या टाकली तर शेवटी पाच शून्यं का येतात?

एक्सेल पंधराच अंक जपतं. त्यापुढचे अंक जातात. तुमचं काही चुकलेलं नाही. पूर्ण वीस अंक हवे असतील तर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा, तिथे पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. किंवा वर दिलेला वहीचा हिशेब.

शेवटचा अंक ५ च का?

२ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६४ ला ४ नं भाग जातो, म्हणून ६ वर थांबतो. वजा एक, पाच.

मुलांना यातलं काय करून दाखवता येईल?

गव्हाचा प्रयोग सोपा आहे, पण मी मेरुप्रस्तार सुचवेन. आलेखाचा कागद घ्या आणि चौसष्ट ओळी रंगवा. मोठमोठ्या बेरजा करायची गरज नाही. प्रत्येक ओळीची दोन्ही टोकं रंगवायची. मधल्या चौकोनासाठी वरचे दोन बघायचे: एक रंगीत आणि एक कोरा असेल तर रंगवा, दोन्ही सारखे असतील तर कोरा सोडा. ओळ सरकवून डावीकडून सुरू केली तरी चालतं, मग 'वरचा' आणि 'वरचा-डावीकडचा' असे दोन बघायचे.

दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या ओळीला सलग रंग दिसेल, मग सोळाव्या आणि बत्तिसाव्या ओळीला. मधे उलटे कोरे त्रिकोण उमटत जातील, आत लहान, बाहेर मोठे. एकूण २०८० चौकोनांपैकी ७२९ रंगतील, म्हणजे ३ चा सहावा घात. कुठे एक चौकोन चुकला तर ती चूक खाली पसरत जाते आणि नक्षी फिसकटते, म्हणून दर आठ ओळींनी तपासून घ्या. त्रेसष्टाव्या ओळीत एक आड एक चौकोन रंगीत असेल. त्याखालच्या ओळीत प्रत्येक चौकोनाच्या वर एक रंगीत आणि एक कोरा येतो, त्यामुळे टोकापासून टोकापर्यंत चौसष्ट चौकोन रंगतात, एकही कोरा राहत नाही. त्या ओळीखाली मुलांच्या हातानं लिहायला सांगा: १८४४६७४४०७३७०९५५१६१५.